अण्णांच्या सायकलीचं मूल्यमापन

"माझं तिकीट जरा अलीकडचं करून घे," असं अण्णा म्हणाले तेव्हा माझ्या तोंडात पोह्यांचा घास होता. तोंडात घास असलेल्या माणसाला कुठल्याही गोष्टीला पटकन विरोध करता येत नाही, हे अण्णांना चांगलं ठाऊक आहे. सरकारी नोकरीत सगळ्या नको त्या फायलींवर त्यांनी साहेबांच्या सह्या डबा खातानाच घेतल्या होत्या.

अण्णा म्हणजे माझे वडील. मिरजेत त्यांना बाळासाहेब म्हणतात, घरात अण्णा. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यावर दोन वर्षं आम्ही 'या, या' म्हणत होतो, ते शेवटी या ऑगस्टमध्ये सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यूझीलंडला, वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरात आले. आता दोन महिनेही झाले नव्हते आणि त्यांना दिवाळी झाली की परत जायचं होतं.

कारण होतं सायकल. अण्णांनी मिरजेत पन्नास वर्षं सायकल चालवली. दूध, बँक, भाजी, वर्तमानपत्राची रद्दी, लोकांची लग्नं, मयतं, सगळीकडे ते सायकलवर जात. इथे आल्याआल्या मी त्यांना माझी सायकल दिली. ती मी ऑफिसला सायकलने जाण्याच्या इराद्याने घेतली होती आणि इरादा अजून पक्का होता, त्यामुळे सायकल नव्यासारखी होती. अण्णा खूश झाले. त्यांनी आमच्याकडच्या डब्यातलं ग्रीस तिला लावलं, हँडलला कापडी पिशवी अडकवली आणि भारतातून येताना बॅगेत आणलेली घंटी बसवली. (कस्टम्सच्या माणसाने त्या घंटीकडे बराच वेळ बघितलं होतं.) मग एक दिवस लायब्ररीकडून येताना वेलिंग्टनच्या वाऱ्याने अण्णांना सायकल आणि पिशवीसकट उचलून एका हेजमध्ये, म्हणजे झुडपांच्या कुंपणात, ठेवलं.

"पडलो नाही. मला ठेवलं," असं अण्णा सांगतात. कोपर खरचटलं होतं. एका बसच्या ड्रायव्हरने बस थांबवून त्यांना बाहेर काढलं आणि घरापर्यंत आणून सोडलं. बसमधल्या लोकांनीही कुरकुर केली नाही म्हणे. मी त्याच दिवशी सायकलला कुलूप घातलं आणि किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नेऊन ठेवली.

तेव्हापासून अण्णा तपकिरी मफलर गुंडाळून खिडकीतल्या खुर्चीत बसायला लागले. समोर रस्ता होता, पण रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. आमच्या गल्लीत लोक गाडीतून बाहेर पडतात आणि गाडीतूनच गराजमध्ये शिरतात. अण्णा दिवसभर गराजची दारं वर जाताना आणि खाली येताना बघायचे. "इथं माणसं राहतात का नुसत्या गाड्या?" असं त्यांनी एकदा विचारलं. समोरच्या घरात कोण राहतं हे मला आठ वर्षांत कळलं नव्हतं.

अण्णांनी जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. सकाळी उठल्यावर घरात त्यांच्या खाकरण्याचा आवाज आला की मला बरं वाटायचं. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. आमच्या घरात अशा गोष्टी बोलून दाखवायची पद्धत नाही. आमच्याकडे अशा वेळी एखादी वस्तू आणतात.

वस्तू सुचवली समीरने. समीर माझ्याच ऑफिसात आहे. तो पुण्याचा असून पायाचे केस काढतो, यावरून तो किती गंभीर सायकलवाला आहे हे लक्षात यावं. तो म्हणाला, "अरे, स्मार्ट ट्रेनर घे. ऑक्टोबरमध्ये बाहेर चालवायचं नावच नको. हीप्स, ढिगाने लोक घरातच चालवतात. मागचं चाक काढायचं, सायकल मशीनवर बसवायची, समोर स्क्रीन लावायचा. स्क्रीनवर चढ आला की पेडल आपोआप जड होतं. सायकलही चालते आणि वारा पण नाही."

आता माझा धंदाच मूल्यमापनाचा आहे. एका सरकारी खात्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं याचं मूल्यमापन मी करतो. मागच्या वेळी आम्ही पावणेदोन वर्षं मूल्यमापन केलं आणि जुनंच चालू ठेवायचं ठरवलं, आणि हा अहवाल वरपर्यंत नावाजला गेला. तेव्हा वडिलांसाठी मशीन घ्यायची म्हटल्यावर मी दुकानात जाऊन 'ते द्या' असं म्हणणं शक्य नव्हतं. मी तीन कंपन्यांच्या मशिनी निवडल्या, निकष ठरवले, प्रत्येक निकषाला वजन दिलं. आवाज किती होतो हा निकष होता. तो मी घरच्या मिक्सरशी ताडून पाहिला. चढ किती खरा वाटतो हा निकष होता. घडी होते का, दोरी बांधून उचलता येतं का, इंटरनेट गेलं तर काय, असे सगळे मुद्दे त्यात होते.

माझी बायको मृणालिनी फार्मसिस्ट आहे. तिला लोकांनी औषध घेण्याआधी डॉक्टरला विचारलंय की नाही हे बघायची सवय आहे. तिने माझ्या खांद्यावरून तक्ता बघितला आणि म्हणाली, "अण्णांना विचारलंस?"

"त्यांना सरप्राइज आहे."

"सव्वीस निकष आहेत, धैर्यशील. त्यात अण्णा कुठेच नाहीत."

मी 'वापरकर्त्याचं समाधान' असा एक निकष वाढवला आणि त्याला पाच टक्के दिले.

दरम्यान ही बातमी महाराष्ट्र मंडळात पोचली. विभावरीताई मंडळाच्या चिटणीस आहेत आणि त्यांना कुठलीही गोष्ट मंडळाच्या हॉलमध्ये ठेवता येईल असं वाटतं. त्यांनी फोन करून ती मशीन हॉलमध्ये ठेवावी, म्हणजे भजनाआधी सगळ्यांचा व्यायाम होईल, असं सुचवलं. त्यांच्या मिस्टरांनी मागून ओरडून सांगितलं की नवी घेऊच नकोस, लॉकडाऊनमध्ये घेतलेल्या तसल्या मशिनी या देशात घराघरात कपडे वाळत घालायला वापरतात, एखादी मागून घे. एकाने सायकलच्या सीटमुळे पुरुषांना काय काय होतं याचा व्हिडिओ पाठवला. तो मी पूर्ण पाहिला आणि त्यानंतर काही काळ उभाच राहिलो.

मूल्यमापन इतकं लांबलं, की अण्णा जेवताना म्हणाले, "तू लॅपटॉपवर बघतोयस तरी काय रे? लग्नाला मुलगी बघताना एवढा वेळ घेतला नव्हतास." मृणालिनी माझ्याकडे न बघता आमटी वाढत राहिली.

शेवटी सगळ्यात वरच्या दर्जाची मशीन पहिली आली. वरच्या दर्जाची वस्तू पहिली येते हे तक्त्याशिवायही कळलं असतं, पण मग ते मूल्यमापन झालं नसतं. जवळच्या हट गावातल्या दुकानातला क्रेग नावाचा उंच माणूस म्हणाला, महिनाभर वापरून बघा, नाही आवडली तर परत आणा, स्वीट ॲज, म्हणजे काही हरकत नाही. फक्त अगदी नव्यासारखी हवी. खोकंसुद्धा जपून ठेवा. मी 'नव्यासारखी' म्हणजे काय हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

मशीन गाडीतून उतरवताना माझ्या कमरेत उसण भरली. जोडणी आमच्या मुलीने, सिद्धीने केली. ती तेरा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. "डॅड, मॅन्युअल इज अपसाइड डाउन," एवढंच ती मला म्हणाली आणि पाना माझ्या हातातून काढून घेतला. मागचं चाक निघालं आणि सायकल त्या पांढऱ्याशुभ्र मशीनवर बसली. तेवढ्यात अण्णा गराजमध्ये आले.

त्यांनी भिंतीला टेकवलेलं चाक बघितलं. "आमच्याकडं सायकलचं चाक चोर काढून नेतात," ते म्हणाले. "तू पैसे देऊन काढलंस?"

प्रात्यक्षिक दाखवावं म्हणून मी स्वतः बसलो. मशीनला आधी माझी ताकद मोजायची होती. स्क्रीनवर चढ आला, पेडल जड झालं, माझा चेहरा कुठल्या रंगाचा झाला ते मला दिसत नव्हतं पण मृणालिनी पाणी आणायला धावली. मग मशीनने निकाल दिला. सिद्धीने तो मोठ्याने वाचला, "इट सेज अनट्रेन्ड." मी एम.ई. आहे. मला यापूर्वी कुठल्याही यंत्राने अप्रशिक्षित म्हटलेलं नव्हतं. मी सिद्धीला सांगितलं की कमरेत उसण असताना घेतलेली चाचणी ग्राह्य धरत नाहीत.

अण्णा दहा-बारा पेडल मारून उतरले. "छान आहे," ते म्हणाले. अण्णा 'छान आहे' म्हणतात तेव्हा ते छान नसतं. थोड्या वेळाने चहा पिताना त्यांनी कारण सांगितलं. "यावर कुठं पोचत नाही रे माणूस. सायकल कुठंतरी जायला असते. पोस्टात जावं, कुणाला काही देऊन यावं. घाम काय, जाता जाता येतोच. आणि ते तिकिटाचं बघ."

मी 'बघतो' म्हणालो आणि बघितलं नाही.

पण अण्णांचं एक आहे. मुलाने खर्च केलाय तर वस्तू पडून राहता कामा नये. दुसऱ्या दिवशी दसरा होता. आम्ही दोघं कामावर, सिद्धीला शाळेची सुट्टी. घरात नवं वाहन आलेलं आणि त्याची पूजा झालेली नाही, हे अण्णांना चालण्यासारखं नव्हतं. या दिवसांत इथे झेंडू मिळत नाही, म्हणून आजोबा-नातीने कोपऱ्यावरच्या कोव्हायच्या झाडाखाली पडलेली पिवळी फुलं वेचून आणली आणि त्यांचा हार केला. मशीनच्या पायावर नारळ वाढवला. पांढऱ्या आवरणावर हळद-कुंकवाची पाच बोटं दोन्ही बाजूंनी ओढली. गराजच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. मग अण्णांनी रीतीप्रमाणे पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि ते चिरडलं जावं म्हणून पेडल मारायला लागले.

पुढचं चाक अर्थातच फिरत नव्हतं. सिद्धीने त्याचा व्हिडिओ काढला आहे. त्यात अण्णा घामाघूम होऊन पेडल मारताहेत, मध्येच खाली वाकून बघताहेत, लिंबू तसंच आहे, आणि सिद्धीचा आवाज येतो, "आजोबा, इट्स नॉट गोइंग टु मूव्ह." त्यावर अण्णा म्हणतात, "थांब, अजून जोर लावतो." शेवटी त्यांनी तडजोड केली. लिंबू चिरडलं जात नाही तर निदान जास्त असावीत, म्हणून घरातली होती नव्हती तेवढी सगळी लिंबं चाकाभोवती मांडली.

संध्याकाळी मी गराजमध्ये शिरलो आणि माझ्या डोळ्यांसमोर क्रेग उभा राहिला. मी ताबडतोब साबण लावला. हळदीला साबण लागला की काय होतं हे प्रत्येक मराठी घरात माहीत असतं, मला मात्र त्या क्षणी आठवलं नाही. पिवळी बोटं लालभडक झाली. मग मी खायचा सोडा लावला आणि ती आणखी गडद झाली. समीरने दिलेल्या तेल काढायच्या औषधाने त्यांना छान चमक आली.

कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. तिथल्या मुलीने विचारलं, डाग कशाचा आहे? चिखल, घाम, तेल की इतर? मी इतर म्हणालो. तिने विचारलं, इतर म्हणजे खाण्याचा पदार्थ का? मी म्हणालो, खाण्यातही वापरतात, पण हा खाताना पडलेला नाही. मग कसा पडला? मी म्हणालो, मुद्दाम लावला आहे. कुणी लावला? माझ्या वडिलांनी. मशीनच्या भल्यासाठी. तिने मला होल्डवर ठेवलं आणि बराच वेळ समुद्राच्या लाटांचा आवाज ऐकवला. शेवटी असं ठरलं की मशीन परत घेता येणार नाही, मात्र तिच्या सुरक्षिततेबद्दल काही शंका असल्यास मी पुन्हा फोन करावा.

म्हणजे मशीन घरात राहणार आणि अण्णा जाणार, असा माझ्या मूल्यमापनाचा निष्कर्ष निघाला.

आता परत करता येत नाही म्हटल्यावर अण्णा रोज सकाळी मशीनवर बसायला लागले. वाया जायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. गराज बंद असलं की उकडतं म्हणून ते दार उघडं ठेवत आणि तोंड रस्त्याकडे. लेंग्याच्या पायाला कपड्यांचा चिमटा, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात मफलर. स्क्रीनवर वळण आलं की हात बाहेर काढून दाखवायचे. कुणी कुत्रं घेऊन रस्त्याने गेलं की घंटी वाजवायचे. कुत्रेवाले दचकून बाजूला व्हायचे आणि मग बघायचे, की सायकल जागच्या जागीच आहे.

एका सकाळी समोरच्या घरातून एक बाई रस्ता ओलांडून आल्या. त्यांचं नाव लिनेट, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. सत्तरी उलटलेली, पायात ऑक्टोबरच्या थंडीतही जँडल्स, म्हणजे रबरी चपला. त्यांनी गराजमध्ये लिंबं मांडलेली बघितली, दाराला टांगलेल्या मिरच्या बघितल्या, फुलं बघितली, नारळाची वाटी बघितली. या देशात कुणाच्या झाडाला लिंबं जास्त झाली की ती फाटकाशी खोक्यात ठेवतात, ज्याला हवी त्याने न्यावी, वाटलं तर आपल्याकडचं काही ठेवावं. लिनेटबाईंनी चार लिंबं पिशवीत टाकली, दोन मिरच्या तोडल्या, आणि घरी जाऊन काचेच्या भांड्यातून रुबार्बचे शिजवलेले आंबट देठ आणून चाकाजवळ ठेवले. अण्णा तेव्हा स्क्रीनवर डोंगराच्या मधोमध होते आणि त्यांना उतरता येईना. ते फक्त घंटी वाजवत राहिले. बाईंनी हात हलवला, इथल्या माओरी रीतीने 'किया ओरा' म्हणून नमस्कार केला आणि गेल्या.

मी घरी आलो तर अण्णा हवालदिल. "धैर्या, अरे दृष्टीची लिंबं नेली त्या बाईनं! घरात नेली! त्यांचं काही वाईट झालं तर?"

त्यांनी सिद्धीला सावध करायला पाठवलं. सिद्धीने दारात उभं राहून सांगितलं की आजोबा म्हणताहेत लिंबं, लाइक, कर्स्ड आहेत. लिनेटबाई म्हणाल्या, उशीर झाला गं, ती जिनमध्ये पिळून झाली, आणि इतकी झक्क चव कधी आली नव्हती.

लिंबांचा प्रश्न असा मिटला. भांड्याचा उरला. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. ही आमच्या घरात आईची शिस्त होती. निदान चमचाभर साखर तरी घालून द्यायची. मृणालिनीने काचेचं भांडं धुऊन त्यात शंकरपाळे भरले आणि मला म्हणाली, "जा, देऊन ये." पण अण्णा उठले. त्यांनी टोपी नीट केली, भांडं दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि रस्ता ओलांडला. हेजचा प्रसंग झाल्यापासून ते एकटे पहिल्यांदाच घराबाहेर पडले होते. वारा होता. मी खिडकीतून बघत होतो, पण ते सरळ गेले. तासाभराने आले. "भांडं हातात असलं की वाऱ्यानं काही होत नाही," म्हणाले.

आम्हाला काय कल्पना, की लिनेटबाईंच्या घरीही तीच शिस्त होती. भरलेलं भांडं आलं की भरून परत पाठवायचं. दोन दिवसांनी तेच भांडं लिंबाचा केक घेऊन आलं. ते चिवडा घेऊन गेलं. त्याच वेळी वरच्या बाजूला राहणारा कॉलिन, ज्याचा खुब्याचा सांधा नुकताच बदलला होता, काठी टेकत आला आणि चाकाजवळ एका निळ्या वाडग्यात कोंबड्यांची अंडी ठेवून गेला. त्याला वाटलं हे गल्लीचं काहीतरी आहे. बघताबघता ते गल्लीचं झालंच. कुणी पालकासारख्या सिल्वरबीटची जुडी ठेवी, कुणी मुरंबा. कॉलिन तर खुर्ची घेऊनच यायला लागला. अण्णा पेडल मारायचे, तो शेजारी बसून स्क्रीनवरचे डोंगर बघायचा आणि 'गुड ऑन या' म्हणायचा. अण्णा त्याला मराठीतून सांगायचे की पाटबंधारे खात्यात असताना त्यांनी याहून वाईट रस्ते बघितले आहेत.

या सगळ्याचा भार अर्थातच स्वयंपाकघरावर पडला. एका शनिवारी मृणालिनीने झारा ओट्यावर आपटला. "तुझा स्मार्ट ट्रेनर गराजमध्ये नाही, माझ्या गॅसवर चालतोय," ती म्हणाली. "मी इथे अख्ख्या गल्लीला चकल्या पुरवणार नाही." अण्णांनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून चिवडा ते करायला लागले. आईच्या हयातीत ते स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला जायचे. आता ते शेंगदाणे किती तळायचे यावर सिद्धीशी वाद घालत होते. ती इंग्रजीत, ते मराठीत, आणि शेंगदाणे करपत होते.

हे कुठेतरी थांबायला हवं असं मला वाटलं. मी लिनेटबाईंच्या फाटकाशी गेलो आणि शक्य तितक्या सभ्यपणे म्हणालो की भांडं तुम्ही रिकामंच ठेवून घेतलंत तरी चालेल. त्या हसल्या. त्या म्हणाल्या, हेच मी तुला कसं सांगावं याचा विचार करत होते, माझ्या डॉक्टरने मला तळलेलं बंद केलंय आणि मी तो चिवडा ब्रिज क्लबला वाटते. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण तो भांडं घेऊन स्वतः येतो, बघ. चहाला थांबतो. आम्हाला एकमेकांचं एक अक्षर कळत नाही. माझा नवरा केन गेल्यापासून माझ्याकडे चहाला कुणी थांबलं नव्हतं. तेव्हा तू यात पडू नकोस, लव्ह."

मी यात पडलो नाही. खरं सांगायचं तर परत येताना मला जरा भरून आलं होतं, पण वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतंच.

दिवाळी झाली. तिकिटाचा विषय टाळणं आता मला शक्य नव्हतं. विषय काढायचा म्हणजे 'अण्णा, जाऊ नका' असं म्हणावं लागलं असतं. तीन दिवस मी आरशासमोर प्रयत्न केला. शेवटी सकाळी लॅपटॉप घेऊन त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "अण्णा, पुढच्या आठवड्यात जागा आहे. करू का?"

अण्णा भांडी पुसत होते. ओट्यावर लोकांची भांडी मांडली होती. "पुढच्या आठवड्यात कसं जमेल?" ते म्हणाले. "ही बघ, सगळी लोकांची. कॉलिनचा वाडगा आहे, त्या कोपऱ्यावरच्या पोराची ताटली आहे. लोकांची भांडी घरात ठेवून गावाला निघून जायचं? काय म्हणतील? एवढी परत करतो, मग बघू."

मला हायसं वाटलं. पण पुढचे काही दिवस अण्णा असे काही झपाट्याने भांडी पोचवायला लागले, की मला धडकी भरली. हेडक्लार्कने मनावर घेतलं की टेबल रिकामं होतंच. लोकही बहुधा चिवड्याने थकले असावेत, कारण नवी भांडी येणं कमी झालं. बघताबघता ओट्यावर कॉलिनचा निळा वाडगा तेवढा उरला. आणि लिनेटबाईंचं काचेचं भांडं मात्र कुठे दिसेना.

"अरे, कुठं गेलं ते?" अण्णा घरभर फिरत होते. "पहिलं भांडं त्यांचं. तेच हरवलं तर तोंड कसं दाखवू?" त्यांनी मृणालिनीला कपाटं उघडायला लावली, सिद्धीला पलंगाखाली वाकायला लावलं, मला गाडीच्या डिकीत बघायला लावलं. भांडं नव्हतं.

माझ्या डोक्यात मात्र दुसराच विचार आला होता. एक भांडं हरवल्याने अण्णा थांबत असतील, तर दोन हरवल्याने आणखी थांबतील. ते आंघोळीला गेले तसा मी कॉलिनचा वाडगा उचलला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि गराजमध्ये गेलो. मशीनचं ते मोठं खोकं, जे क्रेगच्या सांगण्यावरून मी जपून ठेवलं होतं, कोपऱ्यात होतं. तिकडे कुणी फिरकत नाही. मी त्याची झाकणं वर केली आणि आत हात घातला.

आत मऊ काहीतरी लागलं. मी ते बाहेर काढलं. तपकिरी मफलर होता, चांगला दोनदा गुंडाळलेला, आणि मफलरच्या आत लिनेटबाईंचं काचेचं भांडं.

मी भांडं पुन्हा तसंच मफलरमध्ये गुंडाळलं, खोक्यात ठेवलं, त्याच्या शेजारी कॉलिनचा वाडगा ठेवला आणि झाकणं लावली.

घरात आलो तर अण्णा टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते. गळा उघडा होता.

"सापडलं का रे?"

"नाही, अण्णा. आणि आता कॉलिनचा वाडगाही दिसत नाहीये."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. टॉवेल गळ्याभोवती गुंडाळून घेतला.

"शोध, शोध," ते म्हणाले. "पण घाई नाही."